पलंगाखालून पाहिलेलं घर

घर विकत घेण्याआधी ते नीट पाहावं, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. पाहताना मालकिणीच्या पलंगाखाली शिरू नये, हे मात्र कुणीतरी शिकवायला हवं होतं. मी शिरले. पदर कमरेला खोचून, पोटावर सरपटत शिरले आणि तिथंच पकडली गेले. बाहेर राहिले होते ते फक्त पाय, आणि पायांत जोडवी. जोडवी घालून चोरी करायला आलेली बाई त्या आळीनं तोवर पाहिली नव्हती.

आता माझी नात फ्लॅट बघायला जाते आणि मोबाइलवर फोटो काढून आणते. "आजी, तू असतीस तर आणखी काय बघितलं असतंस?" असं विचारते. मी म्हणते, "पलंगाखाली." तिला वाटतं, आजीचं वय झालं. वय झालंच आहे, पण हे खूळ वयाचं नाही. चांगली तरणीताठी असतानाचं आहे.

साठच्या दशकातली गोष्ट. मी तेविशी-चोविशीतली, सांगलीकडून लग्न होऊन थेट बोईसरला येऊन पडलेली. तारापूरच्या किनाऱ्यावर विजेच्या केंद्राचं बांधकाम चाललं होतं, तिथं ह्यांना ड्राफ्ट्समनची नोकरी होती. दिवसभर कागदावर जिने नि पाइप काढायचे. संध्याकाळी घरी येऊन म्हणायचे, "आज एक जिना पुरा झाला." पहिल्यांदा मी कौतुकानं विचारलं होतं, "चढून पाहिलात?" त्यावर ते जे माझ्याकडे बघत राहिले, ते अजून आठवतं.

आम्ही राहत होतो बोईसर स्टेशनाजवळ, एका धान्याच्या गोदामामागच्या पत्र्याच्या खोलीत. कडेवर एक मुलगी आणि पोटात दुसरं. फाल्गुन संपता संपता घरमालकीण दारात येऊन उभी राहिली. "पावसाआदी खोली मोकली करा. ठेकेदार मानसं आननार हाय, एका खोलीत आठ ठेवनार." आम्ही अडीच माणसं, आठांपुढे आमचा काय पाड! नोकरीवाल्यांसाठी क्वार्टर्स बांधणार होते, पण ती अजून ह्यांच्याच टेबलावर कागदात उभी होती. त्यामुळे पाऊस पडायच्या आत डोक्यावर छप्पर शोधायचं, एवढं एकच काम आमच्यापुढे होतं. नाहीतर मला पोटातल्या जिवासकट सांगलीला माहेरी जाऊन राहावं लागणार होतं, आणि हे इथं खानावळीत.

तेवढ्यात ह्यांच्या ऑफिसातल्या कुणीतरी सांगितलं, तारापूर गावात एक जुनं घर विकायचं आहे. बाई एकटीच आहे, समजुतीनं देईल.

एका रविवारी आम्ही एस.टी.नं गेलो. किल्ल्याच्या अलीकडे एक जुनी आळी होती. घराला घर लागून, प्रत्येकापुढे ओटा, ओट्यावर झोपाळा. आम्हाला दाखवलं ते घर पाहिलं आणि मी मनातल्या मनात चूल कुठं मांडायची तेसुद्धा ठरवून टाकलं. सागवानी खांब, खांबांच्या डोक्यावर कोरलेले पोपट, खिडक्यांच्या वरच्या अर्ध्यात लाल-निळ्या काचा, वर कौलं, मागं विहीर आणि चिकूचं झाड. दुपारच्या उन्हात त्या काचांचे रंग जमिनीवर पडले होते आणि माझी मुलगी ते उचलायला बघत होती.

घर मला बघताक्षणी आवडलं आणि त्याच क्षणी मला संशय आला. इतकं चांगलं घर कुणी परक्याला का देईल?

मालकीण साठीची, ठेंगणी, घट्ट अंबाडा घातलेली. आळीत सगळे तिला काकी म्हणत, म्हणून आम्हीही काकीच म्हणू लागलो. मला तिनं सांगितलं, "गुडगे गेले माजे, वीर जमत नाय." ह्यांना सांगितलं, "सायेब, लेक पालघरला बोलावते." आणि परतताना नाक्यावरच्या दुकानदारानं सांगितलं, "काकीला एकटीला घरात भीती वाटते म्हनून विकते."

घर विकायची तीन कारणं! मी एस.टी.त बसल्या बसल्या ह्यांना म्हटलं, "खरं कारण असतं ते एकच असतं. तीन सांगते म्हणजे चौथं लपवते."

"अगं, गुडघे दुखतात म्हणून ती लेकीकडे जाते, आणि एकटी आहे म्हणून भीतीही वाटत असेल. तिन्ही खरी असतील."

"तुम्ही जिनेच काढा," मी म्हटलं.

संशय वाढायला आणखीही खाद्य होतं. आम्ही झोपाळ्यावर बसलो होतो तेव्हा शेजारच्या घरातून आवाज येत होता. ठक, ठक, ठक. बारीक, एकसारखा, घड्याळासारखा. मी सहज उठून ओट्याच्या त्या टोकाला गेले, तर आवाज थांबला आणि शेजारची खिडकी आतून लागली. मी परत येऊन बसले, तर पुन्हा ठक, ठक. मी पुन्हा उठले, पुन्हा बंद. काकीला विचारलं तर म्हणाली, "माजा पुतन्या हाय. काम करतो."

"कसलं?"

"असंच. हाताचं."

घरात एक आतली खोली होती, तिला कुलूप. "चावी गावत नाय," काकी म्हणाली. आणि माजघरातल्या भिंतीत एक फडताळ होतं. मी ते उघडलं तर आत एक डबा नाही, बरणी नाही, आणि फडताळाच्या पाठीच्या फळीला कडी! फडताळाला मागून कडी कशाला हवी? भिंत तर शेजारच्या घराशी सामाईक होती.

बोईसरला आल्यावर मी घरमालकिणीपाशी सहज विषय काढला. सहज म्हणजे तांदूळ निवडता निवडता. तिनं सूप खाली ठेवलं. "त्या आलीत? दारं-खिडक्या लावून ठोकत बसतात ती मानसं. काय ठोकतात ते सख्ख्या भावाला पन सांगत नाय. लोखंडाचे ठोकले नेतात आत, बाहेर काय येतं ते कुनी बगितलं नाय."

झालं. त्या दिवसापासून मी घर बघणारी बाई उरले नाही, फौजदार झाले.

दुसऱ्या वेळी मी एकटीच गेले, मुलीला घरमालकिणीकडे ठेवून. जुनं घर कसं पारखायचं हे माझ्या मावशीनं मला शिकवलं होतं. खांबाला कान लावून बोटानं टकटक करायची, पोकळ वाजला तर आत वाळवी. भिंतीला नाक लावून वास घ्यायचा, ओल कळते. आणि जमिनीवर लिंबू सोडायचं, कुठं घरंगळतं त्यावरून जमीन कुठं खचली ते कळतं. मी काकीच्या घरात हे सगळं केलं. खांब कण्हला नाही, भिंतीला वास नव्हता. लिंबू मात्र माजघरातून निघालं आणि नेमकं त्या कुलूपबंद खोलीच्या दाराशी जाऊन थांबलं.

काकी मागून आली. तिनं लिंबाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "लिंबू कशाला टाकलंस गो माज्या घरात?"

"जमीन बघायला."

"जमीन बगायला डोले पुरतात." तिनं ते लिंबू हातही न लावता केरसुणीनं ढकलत अंगणापलीकडे लोटलं आणि उंबऱ्यावर पाणी शिंपडलं. म्हणजे एव्हाना तीही माझ्यावर नजर ठेवून होती. मला मात्र वाटलं, बघा, चोराच्या मनात चांदणं! इतक्या लवकर घाबरली!

त्या दिवशीही खोली उघडली नाही. चावी गावली होती, पण आत आता भात ठेवला होता म्हणे. त्या चिंचोळ्या खोलीत किती भात मावणार? शेजारचं ठक ठक चालू होतं, आणि मी पाऊल वाजवलं की बंद होत होतं.

तिसऱ्या वेळी मी निघाले तेव्हा ह्यांनी माझ्या हातात ट्रेसिंग पेपर आणि मऊ शिसपेन्सिल दिली. "खोल्यांचा एक कच्चा नकाशा काढून आण. मापं पावलांनी घे. नीट काढ, म्हणजे मला सामान कुठं बसेल ते बघता येईल." बिचाऱ्यांचा हेतू एवढाच होता.

मी गेले तेव्हा आतली खोली उघडी होती. काकी म्हणाली, "बग काय बगायचं ते. मी पानी काडून येते." आणि ती मागं विहिरीवर गेली. रहाटाचा आवाज सुरू झाला.

खोलीत भाताचा एक दाणा नव्हता. एक मोठा शिसवी पलंग, आणि त्यावरची चादर चारी बाजूंनी जमिनीला टेकलेली. काकीसारखी काटकसरी बाई एवढी लांब चादर कशाला वापरेल? मी वाकले, चादर उचलली, आणि पुढं काय झालं ते सुरुवातीलाच सांगितलंय.

पलंगाखाली लाकडी खोके होते, तेलाचा वास मारत होता. एका खोक्यात तेलकट फडक्यात गुंडाळलेले पोलादाचे ठोकळे, लहान पण हाताला जड. एक सोडला. वरच्या तोंडावर गोल खोलगट कोरलेलं, भोवती टिंबांची कड, मधे दोन उभ्या आकृत्या. दुसरा सोडला, त्यातही गोल, लहान. नवे पैसे येऊन फार वर्षं झाली नव्हती, कुठलं नाणं खरं आणि कुठलं नाही हे अजून बाजारात लोक उलटंसुलटं करून बघत. आणि इथं, माझ्या होणाऱ्या घराच्या पलंगाखाली, नाणी पाडायचे साचे!

सगळं जुळलं. बंद खिडक्या, ठकठक, मागून कडीचं फडताळ, तीन कारणं. बाई घाबरून पळते आहे, आणि उद्या पोलीस आले की घर आमच्या नावावर. ह्यांची सरकारी नोकरी जाणार, मी पोटुशी, आणि सगळे तुरुंगात. हे सगळं मी पलंगाखाली पडल्या पडल्या बघून घेतलं.

पुरावा हवा. मी ट्रेसिंग पेपर ठोकळ्यावर अंथरला आणि वरून पेन्सिल घासायला लागले. लहानपणी पैशावर कागद ठेवून घासायचो तसं. आकृत्या काय सुरेख उमटत होत्या! पहिली झाली, दुसरी घेतली. रहाटाचा आवाज चालूच होता, म्हणून मी निवांत होते. फडताळाची कडी वाजली ती मला ऐकूच आली नाही.

"कोन हाय त्यो पलंगाखाली?"

मी श्वास धरला. जोडव्यांनी धरला नाही.

"काकी! वीर सोड, हिकडं ये! बाईमानूस हाय!"

पुतण्या पलंगापाशी बसला आणि त्यानं चादर वर केली. चाळिशीचा, बारीक, कपाळावर चढवलेला भिंगाचा चष्मा. त्याची नजर माझ्यावर नव्हती, माझ्या हातातल्या कागदावर होती. त्यानं तो हिसकावला आणि त्याचा चेहरा राखेसारखा झाला. "कागुद! काकी, हिनं कागदावर उतरवली! चिंचनीवाल्यानं पाठवली हिला!"

"मला कुणी पाठवलं नाही!" मी पलंगाखालूनच ओरडले. "मी चौकीवर जाईन! माझे यजमान सरकारी नोकरीत आहेत!"

"मीच नेतो चौकीवर, चल! चोर ती चोर वर फौजदारी!"

"चोर कोण? मी का तुम्ही?"

काकी ओल्या पायांनी आली. तिनं आधी पुतण्याकडे, मग माझ्या पायांकडे पाहिलं. "आदी बाहेर ये गो. पोट सांबालून. मंग भांडा. आशी आडवी पडून भांडशील तर मला काय बी कलनार नाय."

मी बाहेर आले. केसांत जळमटं, पदरावर तेलाचे डाग. काकीनं विचारलं, "काय वाटलं तुला ह्ये?"

मी मान ताठ केली. त्या क्षणाचा मला अजूनही अभिमान वाटतो, कारण मूर्खपणा इतक्या ताठ मानेनं कुणी केला नसेल. "खोटी नाणी पाडता तुम्ही."

पुतण्यानं ठोकळ्याकडे पाहिलं. मग पुतण्या म्हणाला, अगदी हळू, दुखावल्यासारखा, "नानं? माजी पुतली... नानं?" चोर म्हटल्यापेक्षा त्याला हे जास्त लागलं होतं.

काकी पलंगावर बसली आणि हसायला लागली. हसता हसता तिला ठसका लागला. मग उठली, स्वयंपाकघरात गेली आणि भाकरीसाठी मळलेल्या तांदळाच्या पिठाचा छोटा गोळा घेऊन आली. तो तिनं ठोकळ्यावर अंगठ्यानं दाबला आणि अलगद सोडवला. तिच्या तळहातावर पांढरीशुभ्र पुतळी होती. पुतळ्यांच्या माळेतली पुतळी, दोन आकृत्यांची, टिंबांच्या कडेची. माझ्या आईच्या गळ्यातल्या माळेत अशा कितीतरी होत्या, आणि लहानपणी तिच्या मांडीवर बसून मी त्यांच्याशी खेळले होते, हे मी बोलूनही गेले.

मग मला कळलं ते असं. तिथल्या घराघरात सोनारांसाठी डाय कोरतात. पोलादावर छिन्नीनं नक्षी उलटी आणि खोलगट खोदायची, सोन्याचा पत्रा त्यावर ठेवून ठोकला की दागिना उठतो. एकाची नक्षी दुसऱ्याच्या हाती लागली की त्याचं गिऱ्हाईक गेलं, म्हणून खिडक्या बंद, आणि चिंचणी गावच्या डायवाल्यांवर सगळ्यात जास्त संशय. जुने डाय पुतण्या काकीच्या पलंगाखाली ठेवी, म्हणून फडताळातून वाट. आणि नक्षी चोरायची सगळ्यात सोपी रीत कोणती? ठोकळ्यावर कागद ठेवून पेन्सिल घासायची. म्हणजे त्या आळीत जगातलं दुसरं काहीही केलं असतं तरी चाललं असतं, मी नेमकं तेच करून बसले होते.

पुतण्यानं कागद चुलीत घातला. "हिला घर द्यायचं नाय काकी. दिलंस तर मी तुज्या दारात पाय ठेवनार नाय." आणि फडताळातून तो पलीकडे गेला. कडी अशी लावली की फळी हलली.

ह्यांना सांगितलं तेव्हा त्यांनी शिसपेन्सिल परत घेऊन खिशात ठेवली. मग म्हणाले, "मी तुला खोल्यांची मापं आणायला पाठवलं होतं." बस, एवढंच. त्यापेक्षा ओरडले असते तर बरं झालं असतं.

पुढच्या रविवारी ते स्वतः माफी मागायला गेले. माणूस चांगला, पण बोलायला उघडा. पुतण्यासमोर म्हणाले, "काय रेषा आहे हो! मी दिवसभर रेषाच काढतो, पण अशी मला कागदावरसुद्धा जमणार नाही." पुतण्यानं डोळे बारीक केले. "म्हंजे तुमी चित्रं काडता?" ह्यांनी मोठ्या हौशीनं सांगितलं, "तेच तर माझं काम!" त्यावर पुतण्यानं त्यांना चहा न विचारता ओट्याच्या पायरीपर्यंत आणून सोडलं.

चैत्र गेला. वैशाखाच्या उन्हात पत्र्याची खोली तव्यासारखी तापायची. ठेकेदाराचा माणूस दोनदा येऊन दारातून खोली बघून गेला. तारापूरहून काही निरोप नव्हता. उलट घरमालकीण सांगत आली की चिंचणीचा कुणी डायवाला काकीचं घर बघून गेला, आणि त्याला ते फार पसंत पडलं. मी माहेरी जायची ट्रंक काढली. ह्यांचे सदरे वेगळे, माझ्या साड्या वेगळ्या घड्या घालताना मला रडूही येईना, स्वतःचाच राग इतका आला होता.

आणि एका सकाळी दारात काकी. एस.टी.नं आली होती, घामानं न्हालेली, गुडघे चोळत. मी पाणी दिलं. ते पिऊन तिनं उघडी ट्रंक बघितली, आणि मी काही बोलायच्या आत हात वर करून मला गप्प केलं.

"चिंचनीवाला दोनदा येऊन गेला. त्याला घर नको, माज्या पुतन्याची भिंत पायजे, कान लावून बसाया. म्हनून तर मी आमच्या धंद्याबाहेरचं गिऱ्हाईक सोदत होते. पुतन्या बोलतो, ह्यो मानूस चित्रं काडतो. मी बोलले, आरं, जिने काडतो, जिने! आनि बाईला तर आईच्या गल्यातली पुतली पन वलखू आली नाय. मंग गप झाला. फडताल बुजवून घ्या, आनि घर तुमी घ्या. पन पोरी, एक सांगते. आमच्या कामातलं काय बी शिकू नको हां. शिकलीस त घर परत घेईन."